अठराशेची बाटली आंबट का लागली?

या वेळचं पत्र मुलुंडहून आलं आहे. थोडं कापून देते.

‘ताई, आम्ही दोघं चाळिशीतले, दोघंही नोकरी करणारे. गेल्या महिन्यात धाकटे दीर ह्यूस्टनहून आले होते. हॉटेलात जेवायला गेलो, त्यांनी वाइन मागवली. ग्लास फिरवला, हुंगला, “बॉडी चांगली आहे, टॅनिन अजून बसलेले नाहीत” वगैरे म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. चव मात्र खरंच आवडली होती. म्हणून नंतर स्टेशनजवळच्या दुकानातून अठराशे रुपयांची फ्रान्सची रेड आणली. घरी सुरमई होती. पहिल्याच घोटाला दोघांचीही तोंडं वाकडी झाली. आंबट, तुरट आणि गरम. उरलेली निम्मी बाटली कपाटात ठेवली, दोन आठवड्यांनी उघडली तर व्हिनेगर झालेलं. चांगली वाइन ओळखायची कशी? महिन्यातून दोन-तीनदा, हजार-बाराशेपर्यंत, आमच्यासारख्यांनी काय घ्यावं? आमचं जेवण म्हणजे मासे-भात, कधी मटण, कधी नुसती भाजी-भाकरी. हॉटेलात वेटर थोडीशी ओतून बघत उभा राहतो तेव्हा काय करायचं असतं? आणि सासूबाई विचारतात, हे द्राक्षासवच ना, मग मला का देत नाही?’

आधी त्या अठराशेच्या बाटलीचा पंचनामा करू. तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं. त्यावर जहाजाचं भाडं, आयातदाराचा नफा, राज्याचे कर, दुकानदाराचा वाटा. म्हणजे तुमच्या अठराशेतले बरेचसे पैसे बाटलीच्या बाहेरच खर्च झाले होते. फ्रान्समधल्या सुपरमार्केटात जी बाटली खालच्या फळीवर असते, ती इथे येईपर्यंत अठराशेची होते आणि काचेच्या कपाटात दिमाखात उभी राहते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला. आयातीची किंमत पाच डॉलरच्या वर असलेल्या बाटलीवरचं शुल्क तेव्हा १०० टक्क्यांवर आलं, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं ७५ टक्क्यांवर, आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरत जायचं ठरलं. तरीही हजार-बाराशेत बसायचं असेल तर भारतीय बाटली घ्या. या किमतीत तिच्यात पैशाला जास्त वाइन मिळते, एवढं साधं गणित आहे.

आता ती बाटली दुकानात कुठे उभी होती ते आठवून बघा. स्टेशनजवळच्या दुकानांचा खरा धंदा व्हिस्की, रम आणि बिअरचा. बिअर फ्रिजमध्ये असते, व्हिस्कीचं उकाड्यात फारसं बिघडत नाही, आणि वाइन बिचारी वरच्या फळीवर ट्यूबलाइटच्या पोटाशी महिनोन्‌महिने उभी. वाइनला साठवणीत बारा ते पंधरा अंश मानवतात. मुंबईत एप्रिल-मेमध्ये रात्री शटर पडलेल्या दुकानात केवढं तापत असेल याचा विचार करा. तापलेल्या वाइनमधला फळांचा ताजा वास आधी जातो, मग शिजवल्यासारखा जड वास येतो, आणि मागे उरतो तो आंबटपणा आणि तुरटपणा. अशी बाटली कधी कधी बाहेरूनच ओळखू येते: बूच तोंडातून किंचित वर आलेलं असतं, वरच्या वेष्टणाखाली चिकट ओघळ असतो, किंवा नव्या व्हाइटचा रंग तपकिरीकडे झुकलेला असतो. कित्येकदा मात्र बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून बाटलीच्या आधी दुकान निवडा. जिथे एसी दिवसभर चालू असतो, जिथे वाइन खपते आणि नवा माल येत राहतो, तिथे पाच मिनिटं चालत जावं लागलं तरी जा. दुकानदाराला सरळ सांगा, ‘मांडलेली नको, फ्रिजमधली द्या.’ घरपोच मागवत असाल तर उन्हाळ्यात भर दुपारी मागवू नका. तो पोरगा डिकीत बाटली टाकून मुलुंडच्या चार सोसायट्या फिरून तुमच्याकडे येणार असतो.

बाटली समजा ठणठणीत होती. तरी तुम्ही ती प्यायलात कशी? कपाटातून काढली, उघडली, ओतली. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची हा सल्ला युरोपातल्या गारठलेल्या घरांतून आला. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची, तुमची तीस अंशांची. तीस अंशांना घोटाच्या आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. तुम्हाला ती ‘गरम’ लागली ती त्यामुळे. मुंबईत रेडसुद्धा ओतण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये गेली पाहिजे. कोणी तज्ज्ञ नाक मुरडत असेल तर त्याला मे महिन्यात तुमच्या हॉलमध्ये पंखा बंद करून बसवा. व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि काढल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून ओता, कारण चार अंशांच्या फ्रिजमधून थेट आलेल्या वाइनला वासच येत नाही. फसफसणारी मात्र चांगली थंडगारच हवी. पाहुणे दारात आणि बाटली कोमट असेल तर खोल पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवाल तर दुप्पट वेळ लागेल, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि पाणी मात्र काचेला सगळीकडून धरतं.

आणि सुरमई! रेडमध्ये लोहाचा अंश जास्त असला की माशातल्या तेलाशी त्याची गाठ पडते आणि घोटानंतर तोंडात हिवस, लोखंडी वास रेंगाळतो. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. तुमच्या मासळीचा काही दोष नव्हता.

राहिली कपाटातली निम्मी बाटली. उघडल्यावर आत हवा जाते, आणि हवा मिळाली की जिवाणू अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करू लागतात. म्हणजे व्हिनेगरच. उरलेली वाइन, रेड असो वा व्हाइट, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. याहून चांगली युक्ती अशी: छोटी काचेची बाटली स्वच्छ धुऊन ठेवा आणि मोठी बाटली उघडल्या उघडल्या निम्मी वाइन तिच्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. आत हवाच उरली नाही तर बिघडायलाही वेळ लागतो. संपलीच नाही तर मटणात घाला, पण मसाला भाजून झाल्यावर घाला आणि अल्कोहोलचा भपका जाईपर्यंत उकळा. नंतर पाणी बेतानेच, नाहीतर रस्सा आंबटढाण होतो.

आता चांगली वाइन ओळखायची कशी, हा तुमचा मूळ प्रश्न. त्यासाठी वाचण्यापेक्षा एक खेळ करा. येत्या शनिवारी जेवणाआधी अर्धा तास काढा. एक कोरडी, म्हणजे गोड नसलेली, व्हाइट घ्या, सोव्हिनियाँ ब्लाँ सापडली तर उत्तम. (हे द्राक्षाच्या जातीचं नाव. पुढे येणारी कॅबर्ने, शिराज, शेनिन, सांजोव्हेझे हीही तशीच.) ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा आणि हिरव्या मिरचीचं एक चाक. आधी नुसता घोट घ्या आणि चव लक्षात ठेवा. मग लिंबावर मीठ लावून चोखा आणि पुन्हा घोट घ्या. वाइन एकदम मवाळ, जवळजवळ गोडसर लागेल. पाणी प्या. आता गूळ खा आणि घोट घ्या. तीच वाइन आंबट, पातळ, कडवट लागेल. बाटली बदलली की काय असं वाटेल. पुन्हा पाणी. शेवटी मिरची. आता घशात जाळ होईल, कारण अल्कोहोल तिखटाला भडकवतं. रेड असती तर तुरटपणानेही त्यात भर घातली असती.

एवढ्या चार घोटांत तुम्हाला जे कळेल ते पुढे प्रत्येक ताटाला लावता येतं. आंबट आणि खारट जेवण वाइनला सुधारतं. गोड पदार्थ तिला बिघडवतात, वाइन पदार्थाहून गोड असेल तरच तग धरते. तिखटासमोर कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर आणि थंड वाइन हवी. जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी यावर जाडजूड पुस्तकं आहेत, त्यांतलं बरंचसं ज्ञान फिरून याच ताटलीवर येतं.

दिरांची भाषाही इथेच उलगडते. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं तो आंबटपणा, आणि तो वाइनचा कणा आहे. तो नसेल तर वाइन मिळमिळीत लागते. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने हिरड्या आणि गाल कोरडे पडतात तसं झालं की ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते येतं. रेड सालींसकट आंबवतात, म्हणून तिच्यात ते भरपूर असतं आणि व्हाइटमध्ये अगदी कमी. काळ गेला की टॅनिनचे कण एकमेकांना धरून मोठे होतात, काही तळाशी बसतात आणि तुरटपणा नरम पडतो. ‘बसलेले नाहीत’ म्हणजे ती बाटली अजून कोवळी होती, एवढंच. ‘बॉडी’ म्हणजे घोटाचं जिभेवर जाणवणारं वजन. ते मुख्यतः अल्कोहोलमुळे आणि वाइनमध्ये विरघळलेल्या बाकीच्या घटकांमुळे येतं. बारा टक्क्यांची वाइन आणि साडेचौदा टक्क्यांची वाइन शेजारी ठेवून प्यालात तर दीर काय म्हणत होते ते कुणी न सांगता कळेल.

नवशिक्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे गोड आणि फळांसारखा वास यांत गल्लत. नाक दाबून घोट घ्या. नाक दाबूनही गोड लागली तर तिच्यात साखर आहे. गोडी गेली तर तो नुसता वासाचा भास होता आणि वाइन कोरडीच आहे.

वासाबद्दल कोणी फार लांबण लावली तर थट्टा करायची खुशाल मुभा आहे, पण त्यात तथ्यही आहे. सोव्हिनियाँ ब्लाँमध्ये पेरूचा वास येतो, कारण पेरूच्या वासातले काही गंधकयुक्त घटक या वाइनमध्येही असतात. कॅबर्ने सोव्हिनियाँमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो तोही तसाच, दोन्हींत पायराझिन नावाचं तेच वासाचं संयुग असतं. आणि शिराजमधला मिऱ्याचा वास तर खास आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की तो रोटंडोन नावाच्या घटकामुळे येतो आणि तोच घटक आपल्या काळ्या मिऱ्यात असतो. गंमत म्हणजे त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नव्हता. तेव्हा एकाच ग्लासावरून तुमचं आणि यजमानांचं वाजलं तर दोघांचंही बरोबर असू शकतं. गोडा मसाला नुसत्या वासावरून ‘दगडफूल कमी पडलंय’ असं सांगणाऱ्या घरात वासाची शिकवणी लावायची गरज नाही. फक्त घोटाआधी क्षणभर थांबून नाक ग्लासात घालायचं.

त्यासाठी ग्लास मात्र काचेचा हवा, तोंडाशी थोडा निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा. महागडा नको. स्टीलच्या पेल्यात वाइन प्यायला हरकत काही नाही, पण पसरट तोंडाच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यातून वास हाती लागत नाही.

आता खरेदी. एक एक बाटली महिन्याच्या अंतराने प्यालात तर मागचीची चव पुढचीपर्यंत विसरलेली असते. एखादं मित्राचं जोडपं बोलवा आणि दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडा. पहिल्या वेळी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनियाँ ब्लाँ. दोन्ही नाशिककडच्या घ्या. शेनिन आपल्याकडे बऱ्याचदा किंचित गोडसर बनवतात, सोव्हिनियाँ कोरडी आणि हिरवट वासाची. पंधरा मिनिटांत कळेल की तुमची जीभ कुठल्या बाजूची. पुढच्या वेळी रोझे आणि शिराज. आणि कधीतरी ब्रूट, म्हणजे फसफसणारी कोरडी. रेडच्या बाबतीत पहिल्या फटक्यात कॅबर्नेच्या वाटेला जाऊ नका, तिचा तुरटपणा सरावाने आवडतो. शिराज किंवा सांजोव्हेझेपासून सुरुवात करा.

नावं विचाराल तर नाशिकची सुला, १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी सुरू केलेली, तिची व्हाइट मुंबईत कुठेही मिळते आणि खपते, म्हणून बहुधा ताजी असते. हा फायदा छोटा नाही. अकलूजची फ्रातेल्ली सांजोव्हेझेसाठी बघा. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवर १९८८ मध्ये सुरू झालेल्या ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबर्ने आणि शिराज यांची जुनी, नावाजलेली रेड आहे, पण ती एखाद्या सणावारी. यॉर्क, सोमा, व्हॅलोन हे नाशिक परिसरातलेच, आणि निफाडजवळच्या रेव्हिलोने ग्रिलो, नेरो दाव्होला अशी सिसिलीची द्राक्षं लावली आहेत. सापडली तर घ्या, शोधत ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत फिरू नका. दोघांनाच एकेक ग्लास हवा असेल तर ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली घ्या. पूर्ण बाटलीत बेताचे पाच ग्लास होतात, आणि ‘उरायला नको’ म्हणून पिणं हे सगळ्यात वाईट कारण आहे.

लेबलवर पहिल्यांदा वर्ष बघा. यामागे आपल्या शेतीची मजा आहे. युरोपातला द्राक्षवेल थंडीत झोपतो, आपल्याकडचा झोपत नाही. म्हणून नाशिकचा बागाईतदार वेल दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. फळ तयार होतं जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, तेव्हा आपल्या त्याच वर्षाच्या व्हाइट दुकानात आलेल्याही असतात. दिवाळीला व्हाइट किंवा रोझे घेताना त्याच वर्षाची, फार तर आदल्या वर्षाची उचला. तीन-चार वर्षांची साधी व्हाइट ‘जुनी म्हणजे चांगली’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. वर्षानुवर्षं मुरायला ठेवण्याजोग्या वाइन मोजक्या असतात, त्या थंड तळघरात ठेवतात, आणि त्या हजारात मिळत नाहीत. रेडला दोन-तीन वर्षं चालतील, दुकान थंड असेल तर.

‘रिझर्व्ह’ या शब्दावर भाळू नका. स्पेनमध्ये रेडवर ‘रिझर्वा’ लिहायचं तर कायद्याने किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. बऱ्याच इतर देशांत तो शब्द लिहिणं कंपनीच्या मर्जीवर असतं. बूच हवं की फिरकीचं झाकण, यावरही वेळ घालवू नका. आपल्या हवेत, आपल्या किमतीत फिरकीचं झाकण उलट बरं. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

हॉटेलातल्या त्या घोटाचं म्हणाल तर वेटर तुमचं मत विचारत नसतो. बाटली बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं, आणि ते वासावरून कळतं. बुचाला टीसीए नावाच्या संयुगाची लागण झाली असेल तर वाइनला पावसाळ्यात सादळलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तो आला तर संकोच न करता परत करा, हॉटेलं ती बदलून देतात. नाही आला तर मान हलवा, झालं. आवडली नाही म्हणून मात्र परत करता येत नाही. ग्लासाने मागवणार असाल तर आधी विचारा, ‘बाटली कधी उघडलीय?’ परवा उघडून बारवर उभी असलेली रेड चारशे-पाचशे रुपये ग्लासाने पिण्यात अर्थ नाही. वेटरने काचकूच केली तर बिअर मागवा.

तुमच्या ताटाकडे येऊ. रवा लावून तळलेले बोंबील आणि ब्रूट ही मुंबईची जोडी आहे, असं माझं ठाम मत. तेलकट कुरकुरीतपणा बुडबुडे आणि आंबटपणा साफ धुऊन टाकतात. तळलेल्या सुरमईबरोबर सोव्हिनियाँ, वर लिंबू पिळून. कोकमाचं किंवा चिंचेचं आंबट असलेल्या, नारळाच्या कालवणाबरोबर थंड शेनिन. तिची हलकी गोडी तिखटाला आवरते. चिंच-गुळाच्या अळूवडीलाही तीच. भरली वांगी, दाण्याचं कूट, गोडा मसाला, भाकरी या सगळ्याला रोझे सांभाळून घेते, आणि घरात मिश्र ताट असेल, एकाला मासा एकाला भाजी, तर डोळे मिटून रोझेच. सुकं मटण, खोबरं-कांद्याचं वाटण, मिऱ्याचा झणका, याला शिराज, अर्धा तास फ्रिजमध्ये घालून. तांबडा रस्सा असेल तर वाइनवर पैसे वाया घालवू नका, त्याला थंड बिअर किंवा सोलकढी बरी. वरण-भात-तूप-लिंबाला काही नको, त्याचं त्यालाच पुरतं. साबुदाणा वडा ब्रूटबरोबर फार छान लागतो, पण तो उपास नसलेल्या दिवशी करा. आणि श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांच्या आधी ग्लास संपवून टाका. गुळाचा खडा आठवत असेलच.

तुमच्या सासूबाईंना सांगा की द्राक्षासवही आंबवूनच होतं आणि त्यातही अल्कोहोल असतं, हे त्यांचं बरोबर आहे. पण ते मोजून घ्यायचं औषध, आणि वाइनच्या ग्लासात दीडशे मिलिलिटरमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. ‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ हे ऐकून त्या मागत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. वाइन आवडते म्हणून प्यावी, औषध म्हणून कुणी सुरू करू नये. त्यांना साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको. तसं काही नसेल आणि त्यांना चव बघायची असेल तर तुमच्या ग्लासातला एक घोट द्या की. लपवाछपवी केलीत तर उगाच बाटलीचं महत्त्व वाढेल. गोव्याहून कुणी आणलेलं गोड ‘पोर्ट’ त्यांना जास्त आवडण्याची शक्यता आहे, फक्त त्यात साखर भरपूर असते हे ध्यानात असू द्या.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. नाशिकला एकदा जाऊन या, जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, तोडणी चालू असताना. वाइनचं द्राक्ष वेलावरून तोडून खायला मिळालं तर नक्की खा. मंडईतल्या बिनबियांच्या थॉम्पसन द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं, बियांचं. साल चावली की टॅनिन, गर चोखला की साखर आणि आंबटपणा, सगळं सुटं सुटं कळतं. गाडी घेऊन जाऊ नका. सकाळी सीएसएमटीहून सुटणारी तपोवन किंवा शिर्डीची वंदे भारत पकडा, दोन्ही ठाण्याला थांबतात, आणि नाशिक रोडहून रिक्षा किंवा टॅक्सी करा. चाखायला पाच-सहा प्रकार पुढे मांडतात. शेजारी थुंकायला भांडं ठेवलेलं असतं किंवा मागितलं की देतात, ते बिनदिक्कत वापरा, तिथे त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. बाटली विकत घ्यायची ती थुंकावीशी न वाटलेली घ्या, आणि परतीच्या गाडीत ती खिडकीच्या उन्हात ठेवू नका. शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते. रजा टाकून मधल्या वारी गेलात तर वाइन ओतणाऱ्या माणसाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो.